गड्ड्याचं कॉमिक, ४ जीबीचा लॅपटॉप

प्रश्न : आमच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवर १२ पानांचं कॉमिक करतोय. रेघ कागदावर शाईने काढतो, रंग क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. ए-४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) उघडलं की दहा-बारा लेयरनंतर (चित्राचे एकावर एक थर) सगळं अडकतं. शिवाय रंग भरला की रेघेलगत पांढरी कड दिसते. नवा लॅपटॉप परवडणार नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे तो लॅपटॉप पुरेल. ६०० डीपीआयच्या ए-४ पानात ४९६० × ७०१६ पिक्सेल असतात, प्रत्येकी ४ बाइट. म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे १३९ एमबी खातो. ३०० डीपीआयला तोच ३५ एमबीवर येतो. ६०० ची गरज फक्त रेघेला आहे, रंगाला ३०० पुष्कळ झाले.

झेरॉक्सवाल्याकडून ६०० ला ग्रेस्केल स्कॅन घ्या, पण टिफ किंवा पीएनजी मागा. जेपीजीत रेघेभोवती कचरा येतो. आधी स्कॅन सरळ करा, थ्रेशोल्ड लावून निव्वळ काळा-पांढरा करा, आणि मगच ५० टक्के लहान प्रत काढा. हा क्रम उलटला तर छपाईत रंग रेघेवरून सरकलाच म्हणून समजा.

लहान प्रत सगळ्यात वर, मल्टिप्लाय मोडमध्ये (यात पांढरं दिसेनासं होतं, काळी रेघ राहते), लॉक करून ठेवा. खाली सपाट रंग, सावली, उजेड, मागचं दृश्य. पाच लेयर झाले, बस.

पांढरी कड येते कारण लहान केलेल्या रेघेच्या काठाला करडे पिक्सेल असतात आणि रंग ओतणारं फिल टूल तिथेच थांबतं. त्याच्या पर्यायांत ग्रो २ ते ३ पिक्सेल ठेवा, रंग रेघेखाली सरकतो. सपाट रंगाला अँटी-अलायझिंग (कडा मऊ करणं) बंद, नाहीतर पुढे तोच भाग निवडताना कडा सुटतात.

तुमच्या विषयात खरी गोची बाराबंदीची, म्हणजे बंदांच्या पांढऱ्या अंगरख्याची. यात्रेतले नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) धरणारे सगळे पांढऱ्यात; कोरा पांढरा ठेवलात तर गर्दी कागदात विरघळेल. सपाट रंग दुधाळ करडा घ्या, चुण्यांत फिकट जांभळट निळा मल्टिप्लायने द्या, आणि शुद्ध पांढरा फक्त ऊन पडलेल्या खांद्यावर.

प्रेसला ६०० ची रेघ आणि ३०० चा रंग या दोन्ही फाइल वेगळ्या द्या. रंगात रेघ मिसळून दिली तर काळा चार शायांत फुटतो आणि प्लेट जराशी हलली की रेघेला रंगीत सावली येते. ६०० ची रेघ फक्त काळ्या प्लेटवर, रंगांवर ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वरून छापणं) करायला सांगा.

संवादाच्या फुग्यांतली अक्षरं इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये, मुक्तासारख्या युनिकोड फाँटमध्ये करा. ओळींत जागा थोडी जास्त सोडा. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकला की वाचणारा अडखळतो.