चुंबकाने आठवणी पुसल्या जातात का?

"मॅडम, ते मशीन लावल्यावर हे सगळं विसरतील का?" प्रश्न पत्नीने विचारला, पण उत्तरासाठी कान टवकारले होते ते नवऱ्याने.

ते निवृत्त सैनिक. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) लढाईतून परतून बरीच वर्षं झाली होती. तरी रात्री ओरडत उठायचे, कुठेही गेले तरी पाठ भिंतीला लावूनच बसायचे, रस्त्यात टायर फुटला की अंग जमिनीवर झोकून द्यायचे. पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर उरणाऱ्या आघाताच्या आजाराचं निदान होतं, जोडीला नैराश्य. गोळ्या चालू होत्या. समुपदेशनही चालू होतं, पण त्या एका दिवसाबद्दल बोलायची वेळ जवळ आली की त्यांचं येणंच बंद व्हायचं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी टीएमएस सुचवलं होतं, म्हणजे चुंबकीय लहरींनी मेंदूच्या ठरावीक भागाला उत्तेजना देणं.

असं काही सुचवलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे शॉक ट्रीटमेंटच येते. मी आधी तेवढं वेगळं करून सांगते. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, आणि त्यानंतर काही काळाच्या आठवणी पुसट होऊ शकतात. टीएमएसमध्ये भूल नसते, फिट आणायची नसते, माणूस खुर्चीत जागा असतो. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र पहिल्यांदा दाखवलं. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून क्षणभर जोरदार वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून आरपार जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात अगदी थोडा प्रवाह निर्माण करतं. बहुतेकदा कपाळाच्या मागच्या, जरा बाजूच्या भागावर काम करतात. भीतीला लगाम घालणाऱ्या जाळ्यातला हा महत्त्वाचा भाग. आठवण काही तिथे एका कप्प्यात ठेवलेली नसते, त्यामुळे ती उचलून फेकून देणं या मशीनला जमणारं नाही.

हे ऐकून पत्नीच्या जिवात जीव आला. ते मात्र जमिनीकडे बघत म्हणाले, "स्वप्नात का होईना, तो दिसतो."

'तो' म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत गेलेला सोबती. मशीनचा विषय मी तिथेच बाजूला ठेवला. पीटीएसडी असलेल्या कितीतरी सैनिकांमध्ये मी हे पाहिलं आहे: त्रास कमी व्हावा असं वाटतं आणि कमी होण्याची धास्तीही वाटते, कारण गेलेल्या माणसाशी उरलेला तोच एक धागा असतो. याला कुणी 'बरं व्हायचंच नाही यांना' म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. ती निष्ठा असते आणि तिच्याशी त्याच आदराने बोलायला हवं.

मी विचारलं, "त्या दिवसाच्या आधीचा तो कसा होता?" बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "दाढी करताना आरसा कुणाला द्यायचा नाही." एवढंच. एरवी त्याचं नाव मनात आलं की थेट शेवटची काही मिनिटंच समोर उभी राहायची, त्याआधीची मैत्री त्या मिनिटांखाली गाडली गेली होती. उपचार त्याला पुसायला नाहीत, ती मिनिटं बाजूला सरकली तर बाकीचा तो परत भेटेल, हे त्यांना पटायला आणखी काही भेटी लागल्या. मगच ते तयार झाले.

फॉर्म भरताना आणखी एक गोष्ट निघाली. डोक्यात किंवा मानेत धातू आहे का, या प्रश्नावर त्यांनी 'नाही' अशी खूण केली आणि पेन हातातच धरून बसले. मांडीतले छर्रे पत्नीला माहीत होते, पण मानेतही एखादा राहिला असेल ही शंका त्यांनी घरात कधी बोलून दाखवली नव्हती. कॉइलजवळ धातू असेल तर तो तापू किंवा हलू शकतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानातलं इम्प्लांट, पेसमेकर, पूर्वी कधी आलेली फिट, डोक्याला लागलेला जबर मार, सगळं डॉक्टरांना आधी सांगावंच लागतं. फिट येणं क्वचितच घडतं, पण धोका आहे. त्यांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये काही निघालं नाही.

मशीनचा टकटक आवाज मात्र सैनिकाच्या कानाला साधा नसतो. कानात बोळे घालतातच, तरी मी क्लिनिकला विनंती केली की आधी आवाज लांबून ऐकवा, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा आणि हात वर केला की थांबा. पहिल्या दिवशी अंगठा आपोआप उडेपर्यंत जोर हळूहळू वाढवतात, त्यावरून प्रत्येकाची मात्रा ठरते. स्वतःचा अंगठा असा उडताना बघून ते चक्क हसले. पुढे आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे. सुरुवातीला डोकं दुखायचं, टाळूला टोचल्यासारखं व्हायचं.

गुण आला का? झोप सुधारली, दचकणं कमी झालं. मला मोलाचं वाटलं ते वेगळंच: ते त्या दिवसाबद्दल बोलायला बसले आणि उठून गेले नाहीत. श्रेय एकट्या मशीनचं, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने २००८ मध्ये टीएमएसला मान्यता दिली ती नैराश्यासाठी. तिथल्या माजी सैनिकांच्या २०२३ च्या उपचार-मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी पुरावा अजून अपुरा मानला आहे, आणि आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांना पहिलं स्थान आहे. नैराश्य असलेल्या माजी सैनिकांवरच्या २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत खरं मशीन आणि नुसतं लावल्यासारखं केलेलं मशीन यांचा निकाल जवळपास सारखाच निघाला. त्याच वर्षीच्या, पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांवरच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र मानसोपचाराच्या बैठकीच्या लगेच आधी खरं टीएमएस दिलेल्यांना, मशीन नुसतं लावल्यासारखं करून तोच मानसोपचार दिलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला. म्हणून 'पीटीएसडी मशीनने कायमचा बरा' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. आधी विचारा: बोलण्याच्या उपचारांची सोय सोबत आहे का, आणि गुण आला नाही तर पुढे काय?

कोर्सचा गुण दिसायला आठवडे जातात. तेवढ्यात जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर पुढच्या सिटिंगची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरात बंदूक असेल तर उपचार चालू असेपर्यंत ती घराबाहेर, सुरक्षित ताब्यात ठेवा. हे मी पहिल्याच भेटीत विचारते, पत्नीसमोर आणि स्पष्ट शब्दांत.