गोल डोकं, पाच रेघा

प्रश्न : कळव्यात आमचा बारा जणींचा बचत गट आहे. हिशेब वाचून दाखवला की सगळ्या माना डोलावतात, बोलत कुणीच नाही. चित्रं काढून समजावू का? पण मला चित्रकला येत नाही.

उत्तर : ताई, गोल डोकं आणि पाच रेघा, झाला माणूस! एवढं पुरे. तुर्भ्याच्या गटात मी चार्टपेपर जमिनीवरच पसरते. भिंतीवर लावला की बायका नुसत्या बघत बसतात. थकलेल्या शंभर रुपयांना एक मडकं. पाचशेला पाच मडकी, एक मोठं मडकं नव्हे. व्हिएन्नात आकडे चित्रांतून समजावणाऱ्या ऑटो न्यूराथ यांनी १९२० च्या दशकात हाच नियम पाळला, कारण मोठं चित्र नेमकं किती पट मोठं, ते डोळ्यांना कळत नाही. आणि स्केचपेन बायकांच्या हातात द्या. आमच्या एक मावशी कधी बोलायच्या नाहीत. परवा त्यांनी स्वतःच्या नावापुढचं मडकं खोडलं नि म्हणाल्या, "हा हप्ता मी भरलाय."