खिशातला लेझर: व्होल्टपेक्षा मिलिअँपिअर बघा

प्रश्न: खिशातला लेझर पॉइंटर बनवायला 650 नॅनोमीटरचं (लाल प्रकाशाचं), 5 व्होल्टचं पितळी लेझर मॉड्यूल आणलं. दोन पेन्सिल सेलवर नुसतं मिणमिणतं. खराब निघालं का?

बहुधा नाही. मॉड्यूलमधला लाल डायोड, म्हणजे प्रकाश देणारा भाग, स्वतः साधारण 2.2 व्होल्ट घेतो. उरलेले व्होल्ट आतल्या रेझिस्टरवर पडतात आणि त्यावरून करंट ठरतो. रेझिस्टर 91 ओहमचा धरला, तर 5 व्होल्टवर सुमारे 31 मिलिअँपिअर वाहतात. दोन सेलच्या 3 व्होल्टांत मात्र रेझिस्टरच्या वाट्याला 0.8 व्होल्ट येतात, म्हणजे जेमतेम 9 मिलिअँपिअर. अशा डायोडमध्ये लेझर सुरू व्हायला साधारण 15 ते 20 मिलिअँपिअर लागतात; त्याच्या खाली तो निव्वळ एलईडी. तीन सेल लावा, 25 मिलिअँपिअर मिळतील.

रेझिस्टर काढून दोन सेलवर भागवायचा मोह टाळा. आणि त्या चिमुकल्या रेझिस्टरवर 910 छापलेलं असेल तर तो 910 ओहमचा नव्हे, 91 चाच. शेवटचा आकडा पुढे किती शून्यं द्यायची ते सांगतो. 101 म्हणजे 100 ओहम.

प्रश्न: सुटा डायोड सोल्डर केला. पहिल्यांदा झकास चमकला, बंद करून पुन्हा लावला तर फिका लाल. आता करंट वाढवू का?

वाढवून उपयोग नाही, तो गेला. प्रकाश बाहेर पडतो ती डायोडची कड जळली की लेझर संपतो, एलईडी उरतो. त्याला सेकंदही लागत नाही: अंगावरची स्थिर वीज, अर्थिंग नसलेली सोल्डरिंग आयर्न किंवा लटपटणारी जोडणी, काहीही पुरतं.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. डायोडच्या तिन्ही पायांना आधी उघड्या तांब्याच्या तारेचा एक पीळ गुंडाळा, म्हणजे ते आपसांत शॉर्ट राहतील. तीन पिनी प्लगची 25 वॉटची आयर्न घ्या आणि एका पायाला तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. दरम्यान लेझरच्या जागी 1एन4007 चे तीन साधे, प्रकाश न देणारे डायोड सिरीजमध्ये जोडून मल्टिमीटरवर करंट बघा. ते तिघं मिळून सुमारे 2.1 व्होल्ट घेतात, म्हणजे लेझरची हुबेहूब नक्कल. आकडा 25 मिलिअँपिअरच्या आसपास स्थिर दिसला की सेल काढा, सर्किटमध्ये कपॅसिटर असेल तर त्याचे पाय शॉर्ट करून तो रिकामा करा, मग खरा डायोड जोडा आणि सगळ्यात शेवटी तो पीळ सोडवा. भरलेल्या कपॅसिटरवर डायोड टेकवणं म्हणजे त्याला गोळी घालणंच.

प्रश्न: एलएम317 ही रेग्युलेटर आयसी लावून करंट पक्का करता येईल ना?

टेबलावर, 9 व्होल्टच्या बॅटरीवर, जरूर. ही आयसी आपल्या रेझिस्टरवर 1.25 व्होल्ट कायम ठेवते; 1.25 भागिले 47 ओहम, म्हणजे सुमारे 27 मिलिअँपिअर. खिशातल्या तीन सेलवर मात्र नाही: या आयसीला आणि त्याच्या रेझिस्टरला मिळून स्वतःलाच 3 व्होल्टच्या आसपास लागतात, डायोडला उरणार काय? तिथे साधा रेझिस्टरच बरा.

प्रश्न: ॲल्युमिनियमच्या नळीत बसवलं. बाहेर चालतं, आत बंद.

कोटिंग! रंगवलेल्या किंवा ॲनोडाइज केलेल्या नळीचा पृष्ठभाग वीज नेत नाही. मागचं झाकण आणि मॉड्यूल जिथे टेकतात तिथे बारीक पॉलिश पेपर मारा. खिशातल्या पॉइंटरला लागणारा एलआर44 हा बटण सेल 11.6 मिलिमीटर रुंद असतो, तीन मिळून 16.2 मिलिमीटर उंची होते. नळीचा आतला व्यास 12 मिलिमीटर हवा.

बसवण्याआधी मल्टिमीटरच्या बीपवर तपासा: पुष्कळ मॉड्यूलचं पितळी अंग पॉझिटिव्हला जोडलेलं असतं. तसं असेल तर सेलची सपाट, पॉझिटिव्ह बाजू झाकणाकडे आणि निगेटिव्ह मॉड्यूलच्या स्प्रिंगकडे ठेवा. उलटे बसवू नका. हे डायोड उलटा व्होल्टेज जेमतेम 2 व्होल्ट सोसतात.

प्रश्न: ठिपका गोल का नाही?

डायोडमधून प्रकाश निघतो ती फट लांबट असते, त्यामुळे ठिपकाही लांबट. दोष नाही. पसरट दिसत असेल तर पाच-सहा मीटरवरच्या भिंतीवर धरून पुढची लेन्स पाव-पाव आटा फिरवा, मग नेलपॉलिशचा थेंब लावून ती जागच्या जागी धरून ठेवा.

प्रश्न: जुन्या डीव्हीडी रायटरमधला डायोड किंवा हिरवा लेझर वापरू का?

रायटरचा नको. तो शंभर मिलिवॉटच्या वर जाऊ शकतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि त्या वेळात डोळा वाचतो तो 1 मिलिवॉटपर्यंतच. पॉइंटरसाठी 5 मिलिवॉट ही कमाल मर्यादा, आणि त्यातही डोळा घालायचा नाही. हिरव्यात 808 नॅनोमीटरच्या डायोडच्या प्रकाशातून एक क्रिस्टल आधी 1064 चा प्रकाश तयार करतो आणि दुसरा क्रिस्टल त्याचे 532, म्हणजे हिरवा, करतो. स्वस्त मालात इन्फ्रारेड फिल्टर नसला, तर डोळ्याला न दिसणारा प्रकाशही सोबत बाहेर येतो. तोही घरी बनवू नका.

प्रश्न: सेल किती टिकतात?

एलआर44 कागदावर पाच-सहा तास, प्रत्यक्षात बरेच कमी. 91 ओहमवर प्रत्येक सेल 1.28 व्होल्टच्या आसपास उतरला की करंट 18 मिलिअँपिअरवर येतो आणि ठिपका मावळू लागतो, पण सेल रिकामा नसतो. तो कॅल्क्युलेटरमध्ये टाका. त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर44 महाग, पण तो शेवटपर्यंत 1.55 व्होल्टच्या जवळ तग धरतो.