स्विमिंग पूलभोवती आर्टिफिशियल ग्रास बसवावं का? 35 एमएम घ्यावं की 40?

धुळ्याजवळ फार्महाऊस बांधताय, पूल तयार झालाय, आता कडेने आर्टिफिशियल ग्रास टाकायचंय. जाडी कोणती घ्यावी आणि क्लोरीनच्या पाण्याने ते खराब होतं का, एवढंच तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: पाण्याला लागून टाकूच नका. आपल्या खानदेशात तर अजिबात नको.

माझं माहेर चोपडा तालुक्यात, केळीवाले आम्ही. मळ्यात विहिरीजवळ मोठा हौद होता, मोटर सुरू झाली की आम्ही भावंडं त्यात. सहा वर्षांपूर्वी दादाने हौद पाडून तिथे पूल बांधला. घरातले मोठे अण्णा तेव्हा हयात होते. ते म्हणाले, कडेने खडबडीत कोटा फरशी टाक, त्याच्यापुढे हरळी लाव आणि निंबाला हात लावू नको. दादाला हरळी नको होती. चिखल होतो, पोरं तसलेच पाय घेऊन पाण्यात उतरतात, निंबाचा पाला फिल्टरमध्ये अडकतो. त्याचं हे सगळं खरंच होतं. पण त्याने निंब तोडला आणि 1100 स्क्वेअर फूट हिरवंगार गवत अंथरलं. फोटोत इतकं सुंदर दिसायचं की नातेवाइकांनी स्टेटसला ठेवलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचा झोका त्याच निंबाला बांधायचे. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला आम्ही सगळ्या लेकी माहेरी जमलो. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, जेवणं उरकली, बायका आत आडव्या झाल्या आणि पोरं पाण्यात. दुपारचा एक वाजला असेल. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्यांचा बॉल पाण्याबाहेर उडाला आणि गवताच्या मधोमध जाऊन थांबला. हा पाण्यातून वर आला आणि पळाला. पाय ओले असल्यामुळे पहिली पाच-सहा पावलं त्याला काही कळलं नाही. बॉलपाशी पोचला आणि तिथेच थांबला. एक पाय उचलला, मग दुसरा, मग परत पहिला. कुठल्या बाजूला पळायचं तेच त्याला सुचेना, पाणी आणि गवताबाहेरची जमीन, दोन्ही सारखंच लांब. मग तो खाली बसला. हात टेकून.

मी खिडकीतून बघत होते. मला आधी वाटलं नाचतोय.

अनवाणीच धावले. अमळनेरची मावशी माझ्यामागे आली, तिने एक पाऊल टाकलं आणि मागे सरकली, "हाई तवा शे तवा!" त्याला उचलून बाहेर आणला तर वरच्या टाकीच्या नळाला मे महिन्याचं पाणी, हात घालवेना. शेवटी मोटर चालू करून बोअरच्या पाइपाखाली त्याचे पाय धरले, घड्याळ लावून वीस मिनिटं. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद. मी काही लावू दिलं नाही. भाजल्यावर आधी साधं वाहतं पाणी, हे लक्षात ठेवा. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळव्यांवर, टाचेपाशी आणि बोटांच्या मुळाशी, रुपयाएवढे फोड आले. पंधरा दिवस त्याला कडेवर घेऊन फिरले.

दादा काय म्हणाला? "चपला घालायला सांगायचं ना. शहरातली पोरं, पाय नाजूक."

पाण्यातून वर येणारं पोर चपला शोधत बसतं का हो? पूलभोवतीची जागा अनवाणी चालायचीच असते. जिथे चपलेशिवाय उभं राहता येत नाही ती जमीन पूलशेजारी काय कामाची?

माझे मिस्टर मोटारी आणि पॅनलच्या मेंटेनन्सचं काम करतात, त्यांच्याकडे तापमान मोजायची गन असते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आम्ही दोघांनी सगळीकडे फिरून मोजलं. हवेत 44. गवतावर 73. पंपघराच्या पायरीला कोटा आहे, तिच्यावर 57. घराच्या सावलीत आलेल्या गवतावर 45. आणि बांधावर आपोआप उगवलेल्या हरळीवर 39. वहीच्या पानावर लिहून मी ते दादासमोर ठेवलं. तो म्हणाला, गन बिघडली असेल.

गन बिघडलेली नव्हती. अमेरिकेत यूटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 2002 साली त्यांच्या प्लास्टिकच्या मैदानावर असंच मोजलं होतं. हवा जेमतेम 37 अंश असताना मैदानाचा पृष्ठभाग 93 पर्यंत गेला. कारण साधं आहे. जिवंत गवताच्या पात्यातून पाणी उडत राहतं म्हणून ते थंड राहतं. प्लास्टिकच्या पात्यात पाणीच नाही, ऊन आलं की ते नुसतं तापत जातं, आणि पात्यांमध्ये भरलेली वाळूही त्याच्याबरोबर तापते.

विकणारा तुम्हाला सांगेल, पाणी मारा, थंड होतं. होतं ना. यूटाच्या त्याच मैदानावर पाणी मारलं तेव्हा 79 चं 29 झालं, आणि वीस मिनिटांत परत 73. आम्हीही पाइप धरून बघितलं. पोरांचा एक खेळ संपायच्या आत गवत पुन्हा चटके देत होतं. आमच्याकडे मे महिन्यात केळीला पाणी पुरवताना नाकी नऊ येतात. प्लास्टिकला कोण पाणी घालणार?

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. क्लोरीनचं म्हणाल तर पूलच्या पाण्यात असतं तेवढ्याने गवताला काही होत नाही, पॉलिएथिलीन तेवढं सहन करतं. पण क्लोरीनची गोळी किंवा पावडर थेट सांडली की डाग पडतो. दादाकडे डबा ठेवायच्या जागी भाकरीएवढा पांढरा गोल आहे. बोअरचं पाणी जड असेल तर उडालेलं पाणी वाळून पात्यांवर खार बसतो, तो ब्रशनेसुद्धा नीट निघत नाही. जाडी म्हणाल तर 40 घेऊच नका. उंच पातं चालून चालून लोळतं, मग वाळू दिसायला लागते आणि वावटळीतली सगळी धूळ तिथेच बसते. 25 ते 30 पुरे. आणि कडेच्या भागात सिलिका वाळू भरू देऊ नका, ती पायाबरोबर पाण्यात जाते आणि फिल्टरचं वाटोळं करते.

अजून एक, जे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दादाने नंतर घराला आरशासारख्या काचा लावल्या. दुपारी त्या काचेचं ऊन गवतावर एका पट्ट्यात पडतं. तिथली पाती अक्षरशः वितळली. केस जळल्यावर कशी बारीक गाठ होते, तशी प्रत्येक पात्याच्या टोकाला गाठ, आणि पट्टा कमानीसारखा वाकडा. तुमच्या घराला मोठ्या काचा असतील तर हे आधी बघा.

खालची जमीन काळी आहे का, तेही बघा. काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वरची माती काढून मुरूम, त्यावर खडी, दोन्ही चांगली दाबून आणि पूलपासून बाहेरच्या बाजूला उतार देऊनच काम करा. दादाच्या माणसाने मुरूम चार इंच सांगितला आणि दोन इंच टाकला. दुसऱ्याच पावसाळ्यात गवताखाली खड्डे झाले, पाणी साचलं, वास यायला लागला.

मी काही त्या गवताची वैरी नाही, म्हणून हेही सांगते. ओल्या गवतावर पाय घसरत नाही, हा त्याचा मोठा गुण. पॉलिशच्या फरशीवर म्हातारं माणूस पडलं तर ते जास्त वाईट. दिवसभर सावली असेल किंवा पूल तुम्ही संध्याकाळनंतरच वापरणार असाल तर खुशाल टाका. आणि 57 अंशाची कोटाही भाजतेच, अण्णांनी सुचवली म्हणून ती थंड होत नाही. पण पूलमधून उडणारं पाणी तिच्यावर पसरून राहतं, म्हणून कड ओली असते. खडबडीत घ्या, फिकट रंगाची घ्या, आणि वर शेडनेट बांधा. सावलीशिवाय दुपारी काहीच चालणार नाही. एखादं झाड असेल तर तोडू नका. पाला जाळीने काढता येतो, रोजची दहा मिनिटं लागतात.

तरीही गवतच हवं असेल तर दुकानदाराकडून फूटभर तुकडा मागून घ्या, दुपारी एक वाजता अंगणात तासभर उन्हात ठेवा आणि मग त्यावर अनवाणी उभे राहा. तुम्ही स्वतः. दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहवलं तर घ्या.

दादा हे कधीतरी वाचेलच, मी लिहिते ते तो वाचतो. दादा, सगळं काढ म्हणत नाही मी, खर्च झालाय तुझा. पाण्याच्या कडेची चार फूट पट्टी तेवढी काढ आणि तिथे कोटा टाक. निंबाचं रोप मी घेऊन येते येत्या आखाजीला, जागा मात्र तू दाखव.