अनुभव असताना पुन्हा शिकावं का?

प्रश्न : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून मला एकोणीस वर्षं झाली. एका खाजगी रुग्णालयात आहे, बहुतेक नोकरी लेबर रूममध्येच गेली. आता बीएस्सी झालेल्या, माझ्या निम्म्या वयाच्या मुलीला इन्चार्ज केलंय. ती अडली की हाक मलाच मारते. पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करावं का? घरचे म्हणतात, या वयात पुस्तकं कशाला? मुलगी यंदा दहावीला आहे. एवढा अनुभव पुरेसा नाही का?
– एक सिस्टर, तासगाव

उत्तर : सिस्टर, जरूर शिका. मिरजेत आधी वॉर्डात आणि मग नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते. फक्त त्या मुलीवरच्या रागापोटी शिकू नका. राग सहा महिन्यांत विरतो आणि अभ्यास मध्येच राहतो.

बाळंतिणीच्या कण्हण्यावरून वेळ जवळ आली हे तुम्हाला कळतं, ते कुठलं कॉलेज शिकवत नाही. पण आपण शिकलेलं पुढे बदललं, तर अनुभव ते आपल्याला सांगत नाही. उलट जुनंच हातात पक्कं करतो. नाळेचंच बघा. आपल्या वेळी बाळ बाहेर आलं की लगेच चिमटा लावून नाळ कापायची आणि बाळ वॉर्मरवर न्यायचं. आता बाळ रडत असेल तर पुसून आईच्या पोटावर ठेवतात आणि नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबतात. तेवढ्यात नाळेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याचा लोहाचा साठा वाढतो. आपल्याकडे कितीतरी बायका कमी हिमोग्लोबिन घेऊनच बाळंतपणाला येतात, त्यांच्या बाळांना याचा मोठा आधार. बाळाला श्वास द्यावा लागणार असेल तर मात्र थांबायचं नाही. एका ज्येष्ठ सिस्टरना मी हे दाखवत होते. त्यांचा हात सवयीनं चिमट्याकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला आणि बोटं नाळेवर ठेवून ठोके मोजू लागल्या. त्यांच्यानंतर त्या वॉर्डात सगळ्याच थांबायला लागल्या. माझ्या लेखी व्यावसायिक वाढ म्हणजे हे.

सीपीआरचंही, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवण्याचंही, तसंच. मोठ्या माणसासाठी आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती असा क्रम आपण घोकला होता. २०१० पासून छातीवरचे दाब आधी आले. मिनिटाला १०० ते १२०, किमान पाच सेंटिमीटर खोल.

शिक्षणानं आणखी एक होतं, आपलं बोलणं बदलतं. ‘सर, पेशंट बरी वाटत नाही’ असं फोनवर सांगितलं तर डॉक्टर ‘बघतो’ म्हणतात. ‘नाडी १२०, वरचं बीपी ९०, नाडी बीपीच्या पुढे गेलीय, पॅड भिजतायत, पीपीएच वाटतंय’ (म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव) असं सांगितलं तर ते जिना उतरायला लागतात. तुम्हाला आतून कळलेलं असतंच, ते मांडायचे शब्द अभ्यासातून येतात.

आता कोर्सचं. नियमित पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं, त्यासाठी नोकरीतून रजा हवी. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं तीन वर्षांचं, नोकरीत असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी, प्रवेश परीक्षा देऊन. ट्यूटर व्हायचं असेल तर पदवी लागेलच, इन्चार्ज व्हायलाही ती उपयोगी पडेल. पण लेबर रूम सोडायचीच नसेल, तर नवजात शिशूंच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा तुमच्या हातांना जास्त उपयोगी पडेल. तुमचं पत्र वाचून मला तोच योग्य वाटतो.

मात्र यंदा मोठं काही सुरू करू नका. मुलीची दहावी होऊ द्या. तोवर बीएलएस, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं प्रशिक्षण, करा (त्याचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं) आणि नवजात बाळाला श्वास देण्याचं छोटं प्रशिक्षण घ्या. सीएनईच्या (नोकरीतल्या परिचारिकांच्या सततच्या शिक्षणाच्या) कार्यशाळांना जा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना त्यांचे गुण लागतातच. प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. आणि मेट्रन मॅडमना आत्ताच लेखी अर्ज द्या, की पुढच्या वर्षी मला शिकायचंय, रजेचं काय करता येईल. तोंडी सांगितलेलं ड्यूटी लावताना कुणाच्या लक्षात राहत नाही.