विड्याचं पान बघून पळणारा पोऱ्या

"मावशी, माझा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. जूनमध्ये नर्सरीत घालायचाय आणि तिथल्या बाईंनी आधीच सांगून ठेवलंय की डायपर चालणार नाही. शू तो सांगतो, दिवसा चड्डी ओली करत नाही. पण शीचं नाव काढलं की अंग चोरतो. ऑनलाइन गाणं म्हणणारा पॉट मागवला, चॉकलेट कबूल केलं, रागावून पाहिलं, एकदा चापटही मारली. पॉटवर बसतो, उठतो आणि कपाटामागे जाऊन पाय आवळून लालबुंद होत उभा राहतो. तीन-तीन, चार-चार दिवस करत नाही, मध्येच चड्डीला डाग लावतो. फेब्रुवारीत तापातून उठला तेव्हा खडा झाला होता, तेव्हापासून हे वाढलंय. सासूबाई म्हणतात, आमची पोरं वर्षाच्या आत शिकली, हा पोऱ्या भलता हट्टी शे. मिस्टर म्हणतात, तू लाडावलंस. बाकी तब्येत चांगली, दूध भरपूर पितो. माझं काय चुकतंय?

ता. क. एक गंमत सांगते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पारोळ्याला माहेरी होते. घागरीच्या पूजेला आईने विड्याची पानं आणली, तर हा ती बघून किंचाळत मागच्या दारी पळाला. सगळे हसून हसून बेजार. घरी अडलं की आम्ही देठ लावतो ना, म्हणून."

— एक आई, शिरपूर

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वरून खाली, आणि ता. क. वाचल्यावर खालून वर. दुसऱ्यांदा वाचताना पॉट, नर्सरी, चॉकलेट, सासूबाई सगळं गळून पडलं आणि मागच्या दारी पळत सुटलेलं तुझं लेकरू तेवढं उरलं. तुला ती गंमत वाटली. मला नाही वाटली.

ज्यांच्या घरी ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगते. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवायचा आणि पोराच्या शीच्या जागी सरकवायचा. आत डिवचलं जातं, पोर कळवळतं आणि शी होते. कुणाकडे देठाऐवजी साबणाची कांडी असते. खानदेशात काय, सगळ्या महाराष्ट्रात हे चालत आलंय, आणि करणाऱ्या बायका वाईट नसतात.

पण "आम्ही देठ लावतो" यातलं आम्ही म्हणजे कोण गं? पावणेतीन वर्षांचं पोर आपणहून पालथं पडत नाही. एकीच्या हातात देठ असतो आणि दुसरीच्या हातात पाय. सासूबाईंकडे देठ असेल, तर पाय तुझ्याकडे होते. पत्रात सासूबाईंना एक ओळ दिलीस, मिस्टरांना एक दिलीस, आणि स्वतःचे हात तेवढे 'आम्ही'त घालून टाकलेस. माझं काय चुकतंय म्हणून विचारलंस ना, हे चुकतंय.

रागावू नकोस. मीही पाय धरलेत. धुळ्यात, 1988 च्या उन्हाळ्यात, आमच्या धाकट्याचे. सासूबाईंच्या हातात साबणाची कांडी होती. मला कुणी विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. तो आता दोन मुलींचा बाप आहे आणि त्याला यातलं काही आठवत नाही. मला आठवतं. त्याची टाच माझ्या बांगड्यांवर आपटायची, तो आवाज.

आता जरा त्याच्या उंचीवर बस आणि बघ. तापात पाणी कमी गेलं, खडा झाला, करताना दुखलं. मोठ्या माणसाला कळतं की आज दुखलं, उद्या नाही दुखणार. त्याला एवढंच कळलं की शी दुखते. मग त्याने ती रोखली. रोखलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेत राहतं, म्हणून ती आणखी घट्ट झाली आणि पुढच्या खेपेला आणखी दुखली. चौथ्या दिवशी तुम्ही दोघींनी त्याला आडवा केला. म्हणजे केली तर दुखतं, नाही केली तर दोन माणसं धरतात. आता त्याने कपाटामागे नाही जायचं तर कुठे जायचं?

आणि तिथे तो कुंथत नाही बरं का. बहुतेक घरांत हीच चूक होते. पाय आवळलेले, टाचा उचललेल्या, चेहरा लाल. बघणाऱ्याला वाटतं पोर जोर लावतंय, आता होईल, उचला आणि बसवा पॉटवर. तो जोर बाहेर काढायचा नसतो, आत दाबून धरायचा असतो. तू त्याला नेमका त्याच घटकेला उचलत असशील. तो गाणं म्हणणारा पॉट त्याला पोलीस चौकीसारखा वाटत असेल.

चड्डीच्या डागांचंही सांगते, कारण चापट त्यावरूनच बसली असणार. दिवसेंदिवस शी साठली की आतड्याचं शेवटचं टोक ताणतं आणि 'आली' ही जाणीव बोथट होते. मग वरची पातळ शी घट्ट गोळ्याच्या कडेने झिरपून खाली येते. पोराला पत्ताही लागत नाही. घरचे कधी म्हणतात जुलाब झाले, कधी म्हणतात मुद्दाम करतो. यात मुद्दाम काही नाही आणि हट्ट तर मुळीच नाही. शू तो सांगतो, म्हणजे शिकण्याची अक्कल त्याला आहे. पुष्कळ मुलांना शू आधी जमते आणि शी नंतर.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. त्या काळी डायपर नव्हते. पोराला पायावर बसवायचं, तोंडाने आवाज काढायचा, अंगणात धुवायचं. मांड्या वर, पाय टेकलेले, ती बैठक शीला चांगलीच. तुमच्या पॉटवर पाय लोंबकळत असतील तर जोर लावणार कशावर? पण त्या पोरांना शी म्हणजे भीती वाटत नसावी. याला वाटते. तेवढ्याने सगळा हिशेब बदलतो.

तर आता एकच काम कर. आज जेवण झाल्यावर त्याला मांडीवर घे आणि तुमच्या घरात जी बोली बोलतात तिच्यात सांग, की आजपासून तुला तिथे कुणी देठ लावणार नाही, साबण लावणार नाही, धरून पाडणार नाही. मी धरलं होतं, माझं चुकलं. एवढं बोल आणि गप्प बस. आईने चुकलं म्हटल्याने पोर डोक्यावर बसत नाही. दोन-चार दिवसांनी पुन्हा सांग, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसणार नाही. आणि मग ते पाळ. एकदाही मोडू नकोस. सहाव्या दिवशी पोट फुगलं आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले तरी नाही. तसं झालं तर दवाखाना गाठ.

सासूबाईंना काय सांगू, असं विचारशील. समजावत बसू नकोस. पाय धरायला कुणी मिळालं नाही की देठ आपोआप पानालाच राहतो.

पॉट माळ्यावर टाक. शीसाठी त्याला डायपर हवा असेल तर दे, तोंड वाकडं न करता. त्याला कपाटामागे उभ्यानेच करायची असेल तर करू दे. सध्या ती कुठे होते याला महत्त्व नाही. ती रोज व्हावी, मऊ व्हावी आणि दुखू नये, एवढंच बघायचं.

ती मऊ कशी होणार? नुसत्या प्रेमाने होत नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे ने आणि चार दिवसांची गोष्ट, डाग, देठ, सगळं सांग. देठाचं सांगायला लाजू नकोस, त्यांनी रोज ऐकलेलं असतं. ते पोट चाचपतील. आत गोळा साठला असेल तर आधी तो मोकळा करावा लागतो, नंतर रोज शी मऊ ठेवणारं औषध चालू ठेवावं लागतं. लॅक्टुलोजसारखी ही औषधं शीत पाणी धरून ठेवतात. त्यांनी आतड्याला सवय लागते ही भीती मनातून काढ. लोक चुकतात ते दुसरीकडेच. आठ दिवस छान गेले की बाटली कपाटात जाते आणि पंधराव्या दिवशी पोर पुन्हा कपाटामागे. ताणलेलं आतडं जागेवर यायला महिने लागतात. डॉक्टर म्हणतील तोवर चालू ठेव, आणि घरचं एरंडेल किंवा कुणाचं चूर्ण मध्ये घुसडू नकोस. शीत रक्त दिसलं, पोट टणक फुगलं किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी ने.

"दूध भरपूर पितो" हे तू शाबासकी दिल्यासारखं लिहिलंस. भरपूर म्हणजे किती? या वयात दिवसाला 400 ते 500 मिलि पुरे. त्याहून जास्त, त्यात म्हशीचं घट्ट, आणि तेही बाटलीने असेल तर पोट दुधानेच भरतं, भाकरीला जागा राहत नाही आणि शी वाळूत पडल्यासारखी कोरडी होते. पुढे रक्तही कमी होतं. बाटली बंद कर, कपाने दे. दादर ज्वारीची भाकर वरणात कुस्करून दे, पपई दे, पेरू दे. अडतं म्हणून केळी बंद केली असशील तर चालू कर. अडवतं ते कच्चं केळं, सालीवर ठिपके आलेलं नाही. आणि पाणी. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, पारा 44-45 वर, पोर दिवसभर कूलरपुढे. तहान लागली हे खेळाच्या नादात ते सांगणार नाही, तू विचारत राहा.

नर्सरीच्या बाईंना जाऊन भेट. शू सांगतो, दिवसा कोरडा असतो, शी घरी करतो, डाग पडला तर दप्तरात दुसरी चड्डी आहे. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर दिवाळीनंतर घाल. जूनमध्ये नर्सरीत गेला नाही म्हणून शिरपूरवर आभाळ कोसळत नाही.

माळ्यावरचा पॉट कधी काढायचा? रोज मऊ आणि न रडता होतेय असे कित्येक आठवडे गेले, आणि तो स्वतः कधी मोरीकडे बघायला लागला, तेव्हा. आधी डायपर घालूनच मोरीत उभा राहू दे. मग डायपरसकट पॉटवर बसू दे, पायाखाली पाट ठेवून, जेवणानंतर पाच मिनिटं. जेवल्यावर आतडं आपणहून हलतं, म्हणून ती वेळ. आणि त्या पॉटचे सेल काढून ठेव. शी करताना कुणी गाणं म्हणू नये.

श्रावणात आपल्या खानदेशची कानबाई देवी येईल, तिच्या नैवेद्याचे रोट होतील. तुमच्याकडे बसत असेल तर घरात पुन्हा विड्याची पानं येतील. त्या दिवशी त्याला हाताला धरून पूजेपुढे आणू नकोस. पळाला तर तूही त्याच्या मागे मागच्या दारी जा, पूजा बाकीचे करतील. आणि नाही पळाला, नुसता तिथे उभा राहिला, एखादं पान उचलून उलटंसुलटं करून पाहिलं, तर मला दोन ओळी लिही.

— मावशी