निगेटिव्ह कोरं आलंय? आधी कडेचे आकडे बघा, कॅमेऱ्याचं नंतर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एचपी५ प्लस (इलफर्डची ४०० स्पीडची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) १६०० ला धरून नाटकाच्या विंगेत फोटो काढले, लॅबला 'दोन स्टॉप पुश' (म्हणजे कमी उजेड भरून काढायला डेव्हलपिंगचा, रसायनात धुण्याचा, वेळ वाढवा; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सांगून रोल दिला, निगेटिव्ह जवळपास कोरं आलं आणि लॅबवाले म्हणतायत तुमच्या कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर गेलंय. आता कॅमेरा बदलू की सरळ ३२०० ची फिल्म घेऊ असं विचारताय. दोन्ही करू नका, निदान या आठवड्यात तरी नको. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं, ते खरं धरून मी दोन मोसम घालवले, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

माझं आजोळ कुडाळजवळ. कार्तिकी पौर्णिमेनंतर तिकडे गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेत रात्रभर दशावतार. उजेड म्हणजे दोन-चार ट्यूबलाइट, कुठे एखादा हॅलोजन. १६०० ला एफ/२ वर, म्हणजे लेन्स बरीच उघडून, कधी १/६० सेकंदाचा शटर मिळतो, नशीब असेल तर १/१२५. पहिल्या वर्षी चार रोल काढले, शहरातल्या एका लॅबला दिले, प्रत्येक रोलवर टेप लावून '१६००' लिहिलं, पुशचे रोलमागे जादा पैसेही मोजले. त्यांनी आधी नुसते स्कॅन पाठवले. सगळं करडं, चेहरे राखेतून काढल्यासारखे. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, एक्स्पोजरच नाहीये, मीटर चेक करून घ्या."

मी ऐकलं. माझी खरी चूक ती. कॅमेरा दुरुस्तीला दिला, दुरुस्तीवाले काका सांगत होते की मीटर अर्ध्या स्टॉपच्या आत आहे, काही करायची गरज नाही, तरी मी हट्टाने उघडायला लावला, दोन महिने तो तिकडेच. निगेटिव्ह आणलेली पिशवी मी उघडलीसुद्धा नाही, स्कॅनमध्ये दिसतंय तर बघायचं काय असं वाटलं. पुढच्या वर्षी परत त्याच जत्रेत तीन रोल, परत तीच लॅब, परत तेच करडं. दुसऱ्या वर्षी दशावतारात संकासुराचं सोंग करणाऱ्या आजोबांचं ते शेवटचं वर्ष होतं, गुडघ्यांमुळे नंतर त्यांनी उभं राहणंच सोडलं. ते फोटो आता परत मिळणार नाहीत आणि मला ते अजून लागतं.

शेवटी ओळखीच्या एका जुन्या फोटोग्राफरांनी पट्टी खिडकीशी धरली आणि फोटोंकडे बघितलंच नाही, थेट कड बघितली. फिल्मच्या कडेला छिद्रांच्या बाजूला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात ना, ती अक्षरं कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेली असतात. त्यात तुमच्या कॅमेऱ्याचा, लेन्सचा, मीटरचा काही संबंध नाही. ती किती काळी आली यावरून फक्त डेव्हलपिंग किती झालं ते कळतं. माझ्या पट्टीवर आकडे पेन्सिलीने लिहून खोडल्यासारखे होते. शेजारी त्यांनी स्वतः घरी धुतलेला दिवसा काढलेला साधा रोल ठेवला, तीच फिल्म, ४०० ला, त्याचे आकडे शाईसारखे. पुश केलेल्या रोलवर ते त्याहूनही काळे यायला हवे होते. म्हणजे पुश सोडाच, साधं डेव्हलपिंगसुद्धा पुरं झालेलं नव्हतं, बहुतेक थकलेल्या डेव्हलपरमधून, म्हणजे वापरून कमजोर झालेल्या रसायनातून, सगळ्यांच्या रोलबरोबर काढले असणार. विचारायला गेले तर काउंटरवर उत्तर मिळालं की ब्लॅक अँड व्हाइटला आमच्याकडे एकच टायमिंग आहे. मग जादा पैसे कशाचे घेतलेत? त्याला उत्तर नाही. सात रोल, दोन वर्षं, दुरुस्तीचा खर्च वेगळा, आणि दोष कॅमेऱ्यावर ढकलून मोकळे.

तर तुमची पट्टी काढा आणि उजेडाशी धरा. कडेचे आकडे फिके आणि फोटोही फिके, तर धुण्यात गडबड. आकडे ठणठणीत काळे आणि फोटो फिके, तर उजेड कमी पडला, मग मीटर किंवा मीटरिंग तपासा. रोलचं सुरुवातीचं जिभेसारखं टोक राहिलं असेल तर तेही बघा, त्याला भरपूर उजेड लागलेला असतो, ते कुळकुळीत काळं हवं. बॅचप्रमाणे आकड्यांचा काळेपणा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून त्याच फिल्मच्या नीट धुतलेल्या रोलशी ताडून बघा, एकट्या पट्टीवरून निकाल देऊ नका.

३२०० च्या फिल्मबद्दल. इलफर्ड डेल्टा ३२०० ची खरी स्पीड कंपनीच्याच कागदावर साधारण १००० आहे, कोडॅकच्या पी३२०० मधला पी तर पुशचाच. म्हणजे त्याही फिल्मला डेव्हलपिंगचा वेळ वाढवूनच ३२०० वर न्यावं लागतं. जी लॅब एचपी५ ला वेळ वाढवून देत नाही ती या महागड्या फिल्मचंही तेच करणार.

आणि पुशकडून भलत्या अपेक्षा नकोत. वेळ वाढवल्याने उजळ भाग आणि मधले टोन वर येतात, कॉन्ट्रास्ट आणि ग्रेन (फोटोतले दाणे) वाढतो, पण ज्या सावलीत फिल्मवर उजेड पोचलाच नाही तिथे काही उगवत नाही. संकासुराच्या काळ्या पोशाखाच्या चुण्या दोन स्टॉप पुशमध्ये जवळजवळ जातातच. मी चेहऱ्यावर मीटर धरते आणि पोशाख गेला तर जाऊ देते. मागचा दिवा मीटरमध्ये येऊ देऊ नका, तो आला की मीटर फसतं आणि चेहरा आणखी दोन स्टॉप खाली. पिवळ्या बल्बच्या उजेडात फिल्म थोडी मंदच वागते, तिथे मी १६०० ऐवजी १२५० धरते. ३२०० ला माझ्या मते अगदीच इलाज नसेल तर जावं, पण हे ज्याच्या त्याच्या आवडीचं.

माझा सरळ सल्ला, घरी धुवा. फिल्म धुवायची एक छोटी टाकी, चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म टाकीत भरायची पिशवी), थर्मामीटर, बस. इलफर्डच्या तक्त्यात एचपी५ प्लस २० डिग्रीला मायक्रोफेन डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (आणखी पाणी न घालता) ४०० ला साडेसहा मिनिटं आहे आणि १६०० ला ११, आयडी-११ स्टॉकमध्ये साडेसात आणि १४. दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा उलटसुलट. आपल्याकडे खरी अडचण पाण्याची, एप्रिलमध्ये नळाचं पाणी ३० च्या वर असतं, त्यात २० डिग्रीच्या वेळा लावल्या तर रोल काळाठिक्कर. मी बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकून सगळ्या बाटल्या २४ वर आणते, २० पेक्षा ते सांभाळणं सोपं, आणि ११ मिनिटांचे साधारण साडेसात होतात. बर्फ बादलीत, डेव्हलपरमध्ये नाही. रसायनाची सवय असेल आणि डी-७६ डेव्हलपर घरी बनवणार असाल तर आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, नाहीतर मेटॉल विरघळता विरघळत नाही.

टाकी भरायच्या आधी कापलेलं टोक उजेडातच डेव्हलपरमध्ये सोडून बघायचं. दोन-तीन मिनिटांत काळं झालं नाही तर डेव्हलपर मेलाय, ओतून द्या. मी त्या सात रोलनंतर हे एकदाही चुकवलेलं नाही. आणि परत न मिळणारा प्रसंग असेल तर अंधारात रोलच्या टोकाच्या पाच-सहा फ्रेम कापून तेवढ्याच आधी धुवा, एखादी फ्रेम मधोमध कापली जाईल पण बाकीचा रोल वाचतो.

लॅबलाच द्यायचं असेल तर हाताने टाकीत धुणाऱ्या चांगल्या लॅबही आहेत, सगळ्यांना एका मापाने मोजत नाही. देताना एवढंच विचारा की १६०० ला कुठला डेव्हलपर, किती डिग्री, किती मिनिटं. "होऊन जाईल" असं उत्तर आलं तर रोल खिशात टाकून परत या. एका रोलवर एकच स्पीड, अर्धा ४०० आणि अर्धा १६०० असं असेल तर दोन्हींना एकच वेळ नीट बसत नाही. निगेटिव्ह मागून घ्याच, कारण स्कॅनर आपल्या मनाने उजळवतो आणि मूळ दोष झाकला जातो. विमानाने जाणार असाल तर रोल मशीनमधून न घालता हाताने तपासायची विनंती करा, पुश करायच्या फिल्मवर एक्स-रेचं धुकं जास्त दिसतं.

मी व्यावसायिक नाही, वेळा तुमच्या टाकीप्रमाणे, हलवण्याप्रमाणे बदलतील, पहिला रोल घरातल्याच फोटोंवर खर्च करा. आणि आज एवढं करा, ती पट्टी पांढऱ्या स्क्रीनच्या मोबाइलवर ठेवा आणि कडेच्या आकड्यांसकट फोटो काढून इथे टाका. शक्य असेल तर शेजारी दुसऱ्या कुणाची चांगली धुतलेली एचपी५ ची पट्टी ठेवा. मी रात्री बघून सांगते.